दोघांनाही सारखंच लांब

मधलीला दोन भाऊ होते आणि दोघेही शिकलेले होते. ही तिच्या आयुष्यातली कायमची अडचण होती. एखादा अडाणी निघाला असता तर दोन शब्द सुनावून गप्प बसवता आला असता. पण थोरला दातांचा डॉक्टर, समोरच्याला तोंड उघडायला लावून स्वतःच बोलत राहायची उभ्या आयुष्याची सवय. धाकटा लिफ्टच्या कंपनीत मोठा साहेब, लोकांना वरखाली करण्यात हयात गेलेली. थोरल्याला घरात दादा म्हणत आणि धाकट्याला बाळ. बाळ आता सत्तावन्न वर्षांचा होता आणि जिना चढताना गुडघ्याला पट्टा लावत असे.

दोघं एकमेकांशी बोलत नव्हते त्याला दहाएक वर्षं होऊन गेली होती. कारण विचाराल तर जिनाच. बाळने सातव्या मजल्यावर नवं घर घेतलं. दादा ते बघायला पहिल्यांदाच गेला आणि नेमकी इमारतीतली लिफ्ट बंद. लिफ्टच्या साहेबाच्या इमारतीतली लिफ्ट बंद, यावर दुसरा कोणी पोटभर हसला असता आणि कठडा धरून चढू लागला असता. दादाने खालून फोन केला.

"खाली ये."

"तू वर ये," बाळ म्हणाला.

"मी इतक्या लांबून आलो, तुला सात मजले उतरवत नाहीत?"

"इतक्या लांबून आलास, मग सात मजल्यांनी काय झिजणार आहेस?"

दोघांचंही म्हणणं बरोबर होतं आणि तिथेच घात झाला. अर्धा तास दादा फाटकापाशी उभा, अर्धा तास बाळ गॅलरीत उभा. मग दादा आल्या टॅक्सीने परत गेला. बाळच्या बायकोने टाकलेला चहा शेवटी लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्या माणसाने प्यायला, आणि चांगला झाला आहे असंही सांगितलं.

तेव्हापासून कोण कोणाकडे किती वेळा गेलं याचा हिशेब दोघांनाही तोंडपाठ होता. फक्त दादाच्या त्या खेपेवर एकमत होत नसे. बाळच्या मते ती भेट धरायचीच नाही, कारण दादा वर आलाच नाही. दादाच्या मते ती पूर्ण धरायची, कारण प्रवास पूर्ण झाला होता, राहिला होता तो फक्त जिना.

आई मधलीकडे राहत होती. मधलीची आणि तिच्या नवऱ्याची लाँड्री होती. पुढे दुकान, मागे दोन खोल्या, आणि सगळीकडे वाफेचा आणि साबणाचा वास. आई दिवसभर काउंटरमागे खुर्ची टाकून बसे आणि आलेल्या कपड्यांची कॉलर बघून गिऱ्हाइकाचा स्वभाव सांगे. भाऊ तिला भेटायला येत, नाही असं नाही. पण एक येऊन गेल्याची खात्री झाल्याशिवाय दुसरा निघत नसे.

एके दिवशी एका पांढऱ्या शर्टाची बाही न्याहाळत आई म्हणाली, "मला ते दोघं एकदा एका बाकावर बसलेले बघायचेत."

मधली कपड्यांच्या घड्या घालत राहिली.

"मी गेल्यावर येतीलच," आई म्हणाली. "पण तेव्हा मला दिसायचे नाहीत."

मधलीचा नवरा इस्त्री फिरवत होता. "तेव्हाही आधी फोन करून विचारतील आई, दुसरा घरातून निघाला का म्हणून."

आई हसली नाही. तिला ते पटलं होतं.

मधलीने त्याच संध्याकाळी दादाला फोन लावला. दादाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. तो एरवी ऐकत नसे, त्यामुळे मधलीला बरं वाटलं.

"माझी ना नाही," तो म्हणाला. "पण तुमचं गाव त्याला जवळ पडतं. मला विमानाने दीड तास, त्याला सव्वा. मी पाव तास जास्त का म्हणून यायचं? अर्ध्यावर भेटू."

"आई इथे आहे दादा, अर्ध्यावर नाही."

"आईला घेऊन ये. तेवढाच तिला हवापालट."

बाळला फोन केला, तर त्याचंही उत्तर तयार. "अर्ध्यावर म्हणतोय? चालेल. पण अर्धं म्हणजे अर्धं हां, ताई. त्याचं अर्धं नको."

मधलीच्या नवऱ्याने फोनवर एक वेबसाइट शोधून दिली. तिच्यात दोन विमानतळांची नावं टाकली की मधलं अंतर आणि लागणारा वेळ मिळे. अंतर आकाशातून, सरळ रेषेत. वेळ काढायची रीत त्याहून सरळ: अंतराला विमानाच्या वेगाने भागायचं आणि चढाय-उतरायचा म्हणून वर अर्धा तास टाकायचा. त्या दोन गावांमध्ये खरोखरचं विमान जातं की नाही, या भानगडीत वेबसाइट पडत नसे. गेलं असतं तर किती वेळ लागला असता एवढंच ती सांगे, आणि तेही इतक्या खात्रीने की मधलीला तिच्यात दादाच दिसू लागला.

दुपारी दुकानात गिऱ्हाईक कमी. मधली काउंटरवर फोन उभा करून बसे, शर्टांना नंबराचे कपटे टाचे आणि मधूनमधून विमानतळ टाकून बघे. शिकलेल्या माणसांच्या हट्टापायी आपण इस्त्रीवाल्यांनी भूगोल करायचा, याचं तिला आधी हसू येई, मग येईनासं झालं. अशा बऱ्याच दुपारी गेल्यावर एक जागा सापडली. दादाच्या शहरापासून जितके किलोमीटर, बाळच्या शहरापासून तितकेच. बावन्न मिनिटं इकडून, बावन्न मिनिटं तिकडून. तिने दोघांनाही कळवलं आणि दोघांनीही मान्य केलं. खरं तर तेव्हाच तिला शंका यायला हवी होती.

तिकिटवाल्याने सांगितलं की तिथे कोणतंच विमान उतरत नाही. धावपट्टी आहे, पण ती मोटार शिकवणाऱ्या शाळेला दिलेली आहे.

"जागा योग्य आहे," दादा म्हणाला.

"दादा, तिथे विमान जात नाही."

"तो तपशील झाला. तत्त्वाला कुठे धक्का लागतोय?"

बाळला सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे तो नाही म्हणाला?"

"कोणालाच जाता येत नाही बाळ. विमानच नाही."

"ते कळलं गं. पण आधी नाही कोण म्हणालं?"

दुसरी जागा सापडली ती एका लहानशा गावाची. तिथे दोन्हीकडून खरीखुरी विमानं येत होती. पण दादाचं अंतर चाळीस किलोमीटरने जास्त निघालं.

"चाळीस किलोमीटर म्हणजे काय खायचं काम आहे?" दादा म्हणाला.

"विमानाला ती तीन-चार मिनिटं आहेत, दादा."

"विमानाला. मला नाही."

"तू विमानात बसूनच येणार आहेस ना?"

"तो मुद्दा वेगळा," दादा म्हणाला. कुठल्याही मुद्द्यावर हरायची वेळ आली की तो वेगळा निघे.

मधलीने मग वेबसाइट सोडली आणि विमान कंपन्यांचं वेळापत्रक धरलं. दादाचं विमान मोठं आणि वेगवान, बाळचं पंख्याचं आणि सावकाश. त्यामुळे अंतर कमीजास्त असलं तरी वेळ दोघांना बरोबर एक तास. किलोमीटर सोडा, वेळ धरा, असं तिने दादाला पटवलं. पटवताना तिने नवऱ्याच्या पँटची घडी तीनदा मोडून तीनदा घातली.

आता बाळने कुठूनसं वाचलं की पश्चिमेकडून पूर्वेला जाणाऱ्या विमानाला वारा मागून ढकलतो.

"म्हणजे दादाला ढकलणार आणि मला समोरून मारणार," तो म्हणाला.

"तू आत बसणार आहेस बाळ. काचा बंद असतात."

"प्रश्न काचांचा नाही ताई. त्याला जन्मभर वारा पाठीशी मिळाला. त्याला कॉलेजला नवी सायकल, मला त्याची जुनी."

"ती सायकल मी चालवली. तुला नवी घेतली होती."

"ती लाल होती. मला लाल नको होती."

मधलीने फोन कानापासून लांब धरला आणि थोडा वेळ इस्त्रीची वाफ बघितली. सत्तावन्न वर्षांचा माणूस, हाताखाली दोनशे लोक, आणि बोलतो सायकलच्या रंगाबद्दल. ती म्हणाली, "वारा मी बदलू शकत नाही. येतोस का?" सायकलचा विषय निघाल्यामुळे बाळचं मन हलकं झालं होतं. तो येतो म्हणाला.

तिकिटं काढली. दोघांनाही तिकिटं गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, दुकान उघडायच्या आत, दादाचा फोन.

"मी नऊला निघून दहाला पोचतो," तो म्हणाला. "हा दहाला निघतो आणि दहालाच पोचतो. हा प्रवास करतोय की जागच्या जागी बसून राहणार आहे?"

"त्याच्या शहराचं घड्याळ एक तास पुढे आहे दादा. तिकडे दहा वाजतात तेव्हा आपल्याकडे नऊ. तुम्ही दोघं एकाच क्षणी निघता आणि एकाच क्षणी उतरता."

"तिकिटावर तसं नाही लिहिलेलं."

"तिकिटावर तिथली-तिथली वेळ असते."

"म्हणजे घड्याळसुद्धा त्याच्या बाजूने."

मधलीने दाढ काढून घ्यायला बसलेल्या माणसासारखे डोळे मिटले. "येताना मिळालेला तास जाताना जातो, दादा. परतीला तो तीनला निघाला तर घरी उतरताना पाच वाजलेले असतात."

पलीकडे दादा पुटपुटत आकडे मोजू लागला.

"एका तासाच्या प्रवासाला दोन तास?"

"घड्याळात."

"असं," दादा म्हणाला, आणि त्याच्या आवाजात इतका मायेचा ओलावा आला की कोणालाही वाटावं, भावावर जीव टाकणारा माणूस आहे. "मग बिचाऱ्याला त्रासच आहे. चालेल. मी येतो."

मधलीने फोन धुवायच्या कपड्यांत फेकला, मग परत काढला, कारण तो तिचाच होता.

"ठरलं?" आईने विचारलं.

"ठरलं."

"आणि आपण कसं जायचं?"

हे कोणीच बघितलं नव्हतं. दोन विमानतळ, दोन वेळा, दोन घड्याळं, वारा, सगळं बघून झालं होतं. मधलीने आपल्या गावाचं नाव टाकलं. थेट विमान नव्हतंच. आधी भलतीकडे मोठ्या शहरात जायचं, तिथे रात्र काढायची, मग दुसऱ्या लहान विमानाने यायचं. भावांचे दोन्ही प्रवास एकत्र बांधले तरी यात मावले असते आणि वर जागा उरली असती.

नवरा म्हणाला, "म्हणजे आई, त्या दोघांचं सारखं करताना जे उरलं ते सगळं तुमच्या वाट्याला आलं."

"मला उरलेल्याची सवय आहे," आई म्हणाली. "खिडकीची जागा मिळते का बघा."

नवरा दुकान सांभाळायला राहिला आणि मायलेकी निघाल्या. मोठ्या शहरातला मुक्काम, पहाटेचं विमान, आणि म्हाताऱ्या माणसाला विमानतळावर मिळते ती चाकांची खुर्ची. आईला चालता येत होतं, पण खुर्ची फुकट आहे म्हटल्यावर ती उठायला तयार होईना. दोन्ही विमानांत तिने खिडकीला नाक लावून खाली बघितलं आणि ढगांबद्दल एवढंच म्हणाली, "नीळ कमी पडलीय."

लहान गावाचा विमानतळ म्हणजे एक लांबट दालन. डाव्या टोकाला एक दार, उजव्या टोकाला एक दार, मध्ये चौकशीची खिडकी आणि तिच्यासमोर लोखंडी बाकांच्या रांगा. एक कॉफीचं मशीन, चार जाडजूड खांब. पश्चिमेची विमानं डावीकडे लागत, पूर्वेची उजवीकडे. दोन्ही दारांपासून बाक किती पावलांवर आहे हे बाळने आधीच विचारून ठेवलं होतं. मधलीने "सारखंच" असं ठोकून दिलं होतं. मायलेकींचं परतीचं विमान साडेअकराला होतं. त्या दिवसाचं ते एकच.

वाऱ्याने आपलं काम चोख केलं. दादाचं विमान वेळेआधीच उतरलं. मधलीने काचेतून त्याला येताना पाहिलं: निळा कोट, पॉलिश केलेले बूट, हातात लहान बॅग. डाव्या दारातून तो आत आला, इकडेतिकडे बघितलं आणि जागीच थबकला. मधलीचा फोन वाजला. संदेश होता, 'तो आला का?'

तिने लिहिलं, 'विमान यायचंय.'

'मग मी आत्ता येत नाही. मी त्याची वाट बघत बसलो असं व्हायला नको.'

आणि तो शांतपणे जवळच्या खांबामागे गेला आणि आग लागली तर काय करावं याचा तिथे लावलेला फलक वाचू लागला. स्वतःची आई वीस पावलांवर बसलेली असताना माणूस अग्निशमनाचा अभ्यास करतो हे मधलीने पहिल्यांदाच पाहिलं.

बाळचं विमान उशिरा आलं, अकरा वाजायच्या सुमाराला. वारा समोरून होता, तो ते आता मरेपर्यंत सांगणार होता. तो उजव्या दारातून आला, आईजवळ दादा दिसेना म्हणताना कॉफीच्या मशीनमागे सरकला आणि त्याचा संदेश आला. 'दादा कुठाय?'

'खांबामागे.'

'मग मी आधी का जाऊ? त्याला म्हणावं निघ, मी निघतो.'

दादाला कळवलं. दादाचं उत्तर आलं, 'त्याला म्हणावं दोघं एकदम निघू. तू हात वर कर.'

मधलीने हात वर केला नाही. तो हात वर गेला असता तर कोणाच्या तरी गालावरच उतरला असता.

"आले का?" आईने विचारलं.

"आले."

"कुठायत?"

"एक त्या खांबामागे, एक त्या मशीनमागे."

आईने आधी डावीकडे बघितलं, मग उजवीकडे. "लहानपणी लपायचे तेव्हाही असेच सापडायचे," ती म्हणाली. "थोरल्याचे पाय दिसायचे आणि धाकट्याचं पोट."

मधलीने घड्याळ बघितलं. आता सामान तपासायला जायला हवं होतं. इतक्या दुपारी, इतके फोन, आणि पंचाऐंशी वर्षांच्या बाईला एवढं फिरवून आणायचं ते एका खांबाचं आणि एका मशीनचं दर्शन घ्यायला.

आईने खुर्ची ढकलणाऱ्या माणसाला हाताने खूण केली. "मला त्या खिडकीपाशी ने रे."

चौकशीच्या खिडकीत एक तरुण बाई बसली होती, समोर माइक.

"बोला आजी."

"माझी दोन मुलं हरवलीत. तुमच्या त्या कर्ण्यावरून सांगा."

बाई ताडकन सरळ बसली. "किती वेळ झाला? वयं काय?"

"थोरला बासष्ट. धाकटा सत्तावन्न."

बाईने आईकडे बघितलं, मग मधलीकडे. मधलीने मान हलवून दुजोरा दिला.

"आजी, तेवढी मोठी माणसं हरवत नाहीत."

"माझी हरवलीत. बघ, मी कुठाय ते त्यांना सापडत नाहीये."

त्या बाईला नोकरीत नवीन असल्यामुळे म्हणा किंवा घरी स्वतःचे भाऊ असल्यामुळे म्हणा, ते पटलं. तिने आईकडून ओळखायच्या खुणा विचारून घेतल्या, माइक ओढला, आणि दालनभर तिचा आवाज घुमला, अगदी सपाट, विमान सुटताना सांगतात तसा.

"लक्ष द्या. एका आजींची दोन मुलं हरवली आहेत. एक वय बासष्ट, निळा कोट. एक वय सत्तावन्न, गुडघ्याला पट्टा. मुलांनी घाबरू नये. जिथे असतील तिथून चौकशीच्या खिडकीपाशी यावं. आई वाट बघते आहे."

बाकांवरची माणसं वळली. एका बाईने आपल्या मुलाचं मनगट धरलं. खांबामागून दादा निघाला, मशीनमागून बाळ निघाला, आणि दोघं इतक्या घाईने आले की कोण आधी निघालं हे बघायचं भान त्यांनाच राहिलं नाही. दोघांचेही कान लाल झाले होते.

"हीच का?" खिडकीतल्या बाईने विचारलं.

"हीच," आई म्हणाली. "दोन्ही माझीच."

"आई, हे काय चाललंय?" दादा दातांतल्या दातांत म्हणाला. "लोक बघतायत."

"पट्टा कशाला सांगायचा?" बाळ म्हणाला.

"बसा," आई म्हणाली.

समोरचं बाक रिकामं होतं. दादा एका टोकाला बसला, बाळ दुसऱ्या.

"मधे जागा सोडू नका."

ते सरकले. निळ्या कोटाला जाड स्वेटर लागला. आईने खुर्ची त्यांच्या समोर घ्यायला लावली, चष्मा वर सरकवला आणि दोघांकडे बघत राहिली. दुकानात धुऊन आलेल्या कपड्यावर डाग राहिला का हे ती अशीच बघे, घाई न करता, आधी कॉलर, मग बाह्या. मधली बाजूला उभी होती. एरवी तिला ह्या दोघांचा राग येई. आता तिला फक्त आश्चर्य वाटत होतं की इतकी वर्षं चाललेलं भांडण एका लोखंडी बाकावर एवढ्याशा जागेत मावतं.

"वय सांगताना आधी माझं सांगितलं ते बरोबर केलं," दादा समोर बघत म्हणाला. "मोठा मी आहे."

"खिडकीशी आधी मी पोचलो," बाळ समोर बघत म्हणाला.

"तुझ्या मशीनपासून ती जवळ आहे."

"तुझ्या खांबापासून काय लांब आहे?"

"मोजून बघ."

"मोजू की."

आईने चष्मा काढला, पुसला आणि पिशवीत ठेवला. "झालं," ती म्हणाली.

"काय झालं?" दादाने विचारलं.

"बघून झालं. मधले, आपलं विमान कुठल्या दाराला?"

"डाव्या."

दोन्ही भाऊ एकदमच उठले. "आई, असं कसं?" बाळ म्हणाला. "आत्ता तर आलो. आमची परतीची विमानं तीनला आहेत. आम्ही इतक्या लांबून आलो."

"हो ना," दादा म्हणाला. गेल्या दहा वर्षांत बाळच्या बोलण्यावर तो पहिल्यांदाच हो म्हणाला होता, आणि ते त्याच्या लक्षात आलं नाही.

"दोघंही सारखेच लांबून आलात ना?" आई म्हणाली. "मग कोणाचं काही नुकसान झालं नाही. तीनपर्यंत बसा."

ती खुर्ची वळवायला लावून निघाली. मधलीने भावांना काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं जे होतं ते बायकांनी विमानतळावर तोंडातून काढण्यासारखं नव्हतं. डाव्या दारापाशी आल्यावर खुर्ची ढकलणाऱ्याने आईच्या कानाशी वाकून, मोठ्या आपुलकीने विचारलं, "मुलं सापडली ना आजी?"

"सापडली," आई म्हणाली. "होती तशीच आहेत."